कोरड्या विहिरीत बुडालेली

लातूर जिल्हा नवा झाला त्या दुष्काळात आमच्या गावची एक लेक सासरच्या विहिरीत मेलेली सापडली. दवाखान्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये चिरफाड झाली. डॉक्टर नाकाला रुमाल लावून दारातच उभे, सुरी चालवली सफाई कामगारानं. कागदावर आलं, ‘बुडून मृत्यू’.

मी विहीर पाहून आलो. तळाला घागर बुडेल एवढंही पाणी नव्हतं. सफाई कामगाराला गाठलं.

"गळ्यावर वळ व्हता. सायबाला म्हणलो, तर म्हणले, तू काप, लिहायचं मी बघतो."

चिडून मी निषेधाचं पत्रक लिहिलं. तिच्या आईनं ते बाजूला सारलं.

"पत्रक ऱ्हाऊ दे लेकरा, अर्ज लिही. आम्ही लिंगायत, जाळत न्हाई, पुरतो. माझी लेक हाय अजून. उकरा म्हणावं."

नव्या कलेक्टर कचेरीत महिनाभर खेटे घातले, तेव्हा तहसीलदारासमोर माती निघाली. आमच्यात मयत बसवून पुरतात. सासरच्यांनी घाईत तिला आडवीच टाकली होती. दुसऱ्या डॉक्टरनं या वेळी स्वतः हात घातला. गळा आवळल्यावर मोडतं ते गळ्याचं हाड मोडलेलं होतं. खुनाचा गुन्हा नोंदला गेला.

आई एवढंच म्हणाली, "आता तिला नीट बसवा."