पाटीवर लिहिलेलं ‘वाढवा’

मालक बाजूला झाल्यावर कंपनी चालते का, असं मला अधूनमधून कुणी ना कुणी विचारतं. नव्यानं नोकरीला लागलेल्या मुली विचारतात, एकदा तर एका कॉलेजात बोलायला बोलावलं होतं तिथल्या प्राध्यापकांनी सगळ्यांसमोर विचारलं. मी सांगते, चालते. आमची तर अशी चालली की परभणीत माडीवरच्या दोन खोल्यांत सुरू झालेली कंपनी आता शेजारच्या जिल्ह्यांतही घरोघर ऐकली जाते. विचारणाऱ्याला बरं वाटतं. मलाही बाकीचं सांगावं लागत नाही. ते बाकीचं इथं लिहिते आहे, कारण आता लपवून कुणाचंच भलं होणार नाही.

मी पूर्णेची. वडील रेल्वेत होते. माझं डी.एड. झालं होतं, पण शाळा काही मिळत नव्हती. परभणीत बियाण्यांच्या एका दुकानाच्या माडीवर कॉम्प्युटरची कंपनी निघालीय आणि तिथं ‘आपल्याकडची मराठी नीट ऐकू येणारी’ बाई हवीय असं जाहिरातीत कळलं, म्हणून सकाळच्या पॅसेंजरनं गेले. मला वाटलं, जाहिरातीत चूक झाली असेल, लिहिता येणारी म्हणायचं असेल. चूक नव्हती. त्यांना ऐकणारीच हवी होती.

ज्यांनी कंपनी काढली त्यांना आम्ही सगळे दादा म्हणायचो. ते झरीचे. वडलांचं तिथं बांगड्यांचं दुकान. पुण्यात इंजिनिअर झाले, चार-सहा वर्षं नोकरी केली, आणि लोक ज्या रस्त्यानं जातात त्याच्या उलट निघून गावाकडं आले. त्यांनी केलं होतं ते असं: एका नंबरावर फोन करायचा आणि आपल्या बोलीत विचारायचं. शेळीचं पोट फुगलं, काय देऊ? आज आभाळ कसं हाय? पलीकडून यंत्र आपल्याच बोलीत उत्तर देई. वाचता न येणाऱ्या माणसालाही ते जमे, किंबहुना ते त्याच्यासाठीच होतं.

यंत्राचा आवाज दादांचा होता. आतल्या छोट्या खोलीत चारी भिंतींना वाकळा टांगून, म्हणजे घरच्या जुन्या लुगड्यांच्या गोधड्या लावून, ते तासन्‌तास एकेक वाक्य रेकॉर्ड करत. प्रत्येक उत्तराच्या शेवटी ते म्हणत, “येतो मी. जपून ऱ्हावा.” फोन ठेवताना धन्यवाद म्हणायची आपल्याकडं पद्धत न्हाई, असं त्यांचं म्हणणं. माणूस निघताना येतो म्हणतो आणि समोरचा या म्हणतो. लोकही खरंच यंत्राला “या” म्हणून मग फोन ठेवायचे. मी ते रोज ऐकायचे, कारण लोकांचे फोन ऐकून त्यातले शब्द वहीत उतरवायचे आणि यंत्राला त्यांचे अर्थ सांगायचे, हेच माझं काम होतं.

त्या वहीतला एक शब्द सांगायला हवा. राणीसावरगावच्या एका मेंढपाळ मामांचा फोन आला होता. त्यांनी विचारलं, गंगाखेडच्या जनावराच्या औषधवाल्यानं दुकान वाढवलं का? यंत्रानं त्यांना दुकान मोठं करण्यासाठी कर्ज कसं मिळतं ते सविस्तर सांगितलं. मामा शांतपणे सगळं ऐकून म्हणाले, कर्जाचं मी काय करू, हिकडं माझी मेंढी मरायलीय. दादा हसून हसून खाली बसले. मग एकदम उठले आणि त्यांनी मामांना स्वतः फोन लावला.

नंतर माझ्या टेबलापाशी येऊन ते म्हणाले, “आमच्या दुकानात बांगडी फुटली म्हणलं की बाप थोबाडीत द्यायचा. बांगडी फुटत न्हाई, ताई. वाढती. दुकान बंद होत न्हाई, तेबी वाढतं. तुमच्या वहीत लिहून ठिवा.”

मी लिहिलं. वाढवणे: एक, मोठं करणे. दोन, बांगडी फोडणे, दुकान बंद करणे. अशुभ तोंडातून काढायचं नाही म्हणून. अक्षर माझं, तारीख माझ्या हातची. तेव्हापासून ऑफिसात तो चेष्टेचा शब्द झाला. सर्व्हर बंद पडला की दादा ओरडायचे, सर्व्हर वाढला रे. चहा संपला तरी चहा वाढला. पुण्याहून आलेल्या इंजिनिअरला हे कधी कळलं नाही. तो नुसता हसायचा.

मग दादांचा घसा बसला. उन्हाळा होता, रेकॉर्डिंग फार झालं असेल म्हणून आम्ही हळद-दूध सुचवलं. दोन महिने आवाज बसलेलाच राहिला. हैदराबादला दाखवलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, बोलणं जाईल. ऑपरेशनच्या आधीचे वीस दिवस ते त्या वाकळांच्या खोलीत बसून होते. दुखत असताना, पाण्याचे घोट घेत, जमतील तितकी वाक्यं बोलून ठेवत होते. त्या वाक्यांवरून कॉम्प्युटर पुढं काहीही बोलू शकेल असं इंजिनिअरनं सांगितलं होतं, आणि तशी परवानगी दादांनीच सही करून दिली. कंपनी नव्या साहेबांच्या हाती सोपवली. नवे साहेब वाईट नव्हते हे मला मुद्दाम सांगायचंय. त्यांनी कुणाला काढलं नाही, कुणाला टाकून बोलले नाहीत.

ऑपरेशननंतर पाचेक महिन्यांनी, तयार झालेला आवाज ऐकायला दादा ऑफिसात आले. वाळले होते. गळ्यात श्वासासाठी पाडलेलं भोक झाकणारं पांढरं फडकं, हातात मुलीची शाळेतली पाटी. फोनवर लिहिलं तर फोन वाचून दाखवायला बघतो, म्हणून त्यांना पाटी बरी वाटे. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, सोबत यायला निघाल्या होत्या, पण त्यांना दादांनीच नको म्हटलं होतं. आम्ही वीस-बावीस जण गोळा झालो. इंजिनिअरला कौतुक दाखवायची घाई झाली होती. त्यानं कॉम्प्युटरवर एक वाक्य टाइप केलं आणि खोलीत दादांचा आवाज आला, पूर्वीसारखा, दमदार, किंचित हसरा.

“मी बरा हाय. तुमी फिकीर करू नका.”

हे वाक्य दादा कधीच बोलले नव्हते. बरेही नव्हते. काही बायकांनी डोळ्यांना पदर लावला, कुणी टाळ्या वाजवल्या. दादांचा हात गळ्याच्या फडक्यावर गेला आणि तिथंच राहिला. मग त्यांनी पाटीवर एकच शब्द लिहून वर धरला. वाढवा.

इंजिनिअरनं आवाज वाढवला. मी बरा हाय, तुमी फिकीर करू नका. इतक्या मोठ्यानं, की खालच्या दुकानातले लोक जिन्यात येऊन उभे राहिले. दादांनी नाही म्हणून मान हलवली. त्या शब्दाखाली त्यांनी रेघ ओढली, इतकी दाबून की पेन्सिल मोडली. आणि पाटी बाकी सगळ्यांकडून वळवून माझ्याकडं धरली. चेष्टेत तो शब्द सगळ्यांनी ऐकला होता, पण त्या गडबडीत तो कुठल्या अर्थानं लिहिलाय हे ओळखणारी मीच एक होते आणि ते त्यांना माहीत होतं.

मला कळलं. पहिल्यांदा पाटी वर केली तेव्हाच कळलं होतं. बंद करा, म्हणत होते. माझा आवाज माझ्यासोबत जाऊ द्या.

मी मूग गिळून बसले असते तरी एक वेळ चाललं असतं. मी बोलले. त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाले, “हो दादा. वाढवू.”

त्यांनी सुटल्यासारखा श्वास सोडला, गळ्याच्या त्या भोकातून, आणि पाटी पुसायला घेतली. नव्या साहेबांनी त्यांना थांबवून आधी तिचा फोटो काढला.

मी असं का केलं याची कारणं माझ्याकडं भरपूर आहेत. आवाज बदलला असता तर लोकांनी फोन करणं सोडलं असतं, एकदा बदलून बघितला होता तेव्हा सोडलंच होतं. बावीस घरं त्या माडीवर चालत होती. माझे वडील अंथरुणाला खिळले होते. सगळं खरं आहे. पण गरज सरो नि वैद्य मरो, यापेक्षा ते वेगळं कसं, हे मला आजतागायत कुणाला सांगता आलेलं नाही. मी भ्याले आणि त्यांच्याच घरच्या शब्दानं त्यांना फसवलं.

कंपनी वाढली. दुसऱ्या अर्थानं नाही, पहिल्याच. नवी जागा झाली, लिफ्ट असलेली. दादांच्या आवाजाला इंजिनिअरनं पलीकडच्या जिल्ह्यांची बोलीही शिकवली. जे शब्द दादांनी जन्मात उच्चारले नाहीत ते त्यांचा आवाज आता रोज बोलतो. पाटीचा तो फोटो मोठा करून, चौकटीत घालून, दारातच लावला आहे. खाली लिहिलंय, संस्थापकांचा संदेश. नवीन माणूस कामावर आला की साहेब त्याला तिथं उभं करून सांगतात, बघा, आवाज गेलेला माणूस, पण दृष्टी केवढी. मी त्या चौकटीखालून रोज आत जाते आणि रोज बाहेर येते.

दादा पुन्हा कधी ऑफिसात आले नाहीत. मीही झरीला गेले नाही. आज जाऊ, उद्या जाऊ. दिवाळीला फराळ पाठवला, तोही दुसऱ्याच्या हाती. दीड वर्षानं गाठ परत आली आणि यावेळी काढण्यासारखं काही उरलं नव्हतं. अंत्यविधीला सगळं ऑफिस गेलं होतं. गर्दीत कुणाच्या तरी फोनवर चुकून त्यांचा आवाज लागला, बोला मामा, म्हणाला. माणसं दचकून तिरडीकडं बघायला लागली. तेव्हा मी ठरवलं की साहेबांना खरं सांगायचं, नोकरी गेली तर जाऊ दे. पण आधी वहिनींना सांगायला हवं होतं. आता त्या आवाजावर हक्क असेल तर त्यांचा होता.

तेराव्यानंतर चार दिवस जाऊ दिले आणि दुपारच्या बसनं झरीला गेले. वहिनी ओसरीत तूर पाखडत बसल्या होत्या. हातात हिरव्या काचेच्या बांगड्या तशाच होत्या. माझी नजर गेलेली बघून त्यांनीच सांगितलं, की म्हाताऱ्या बायका आल्या होत्या वाढवायला, मी हात मागं घेतले, सासऱ्यांनी स्वतः भरलेल्या बांगड्या आहेत म्हटलं. मला एकदम रडू फुटलं. तो शब्दच नको होता मला त्या घरात ऐकायला.

मी सगळं सांगितलं. पाटी, पेन्सिल मोडली ते, मी काय म्हणाले ते. वही सोबत नेली होती, पान उघडून दाखवलं. वहिनींचं सूप थांबलं नाही. शेवटी म्हणाल्या, “मला ठावं हाय ताई. त्याच सांजंला त्यांनी मला लिहून दाखवलं. लय खूश होते. म्हणले, ताईला कळलं, ताई बंद करती.”

मग त्यांनी बाकीचं सांगितलं. महिनाभर दादा रोज संध्याकाळी अंगणात बसून तो नंबर लावत होते, बंद झाला का बघायला. रोज पलीकडून त्यांचाच आवाज, बोला. ते तोंड उघडायचे, मिटायचे, फोन ठेवायचे. मग एके दिवशी त्यांनी फोन लावणं सोडलं. माझ्याबद्दल वाईट एक अक्षर त्यांनी पाटीवर लिहिलं नाही. लिहिलं असतं तर बरं झालं असतं.

मी म्हणाले, उद्याच साहेबांना सांगते. तुम्ही एक सही द्या, उद्याच तो आवाज बंद होईल. उशीर झालाय, पण त्यांचं तेवढं तरी करू.

वहिनींनी सूप खाली ठेवलं. मग सांगू लागल्या, की ऑपरेशननंतर घर मुकं झालं होतं. पोरीशी बोलायचं तरी पाटी, माझ्यावर रागवायचं तरी पाटी. त्यांनी तो नंबर लावायचं सोडलं आणि मी धरलं, त्या म्हणाल्या. परसात, गोठ्यामागं जाऊन. त्यांना कळू न देता. तुमच्याकडं येऊन मी तेव्हाच सांगू शकले असते ना, की ह्यांनी बंद करा म्हणलंय. नाही आले. तुम्ही भ्यालात ते भाकरीसाठी. मी कशासाठी, ते तुम्हीच बघा.

“त्यांनी वाढवा म्हणलं, ते खरं हाय,” त्या म्हणाल्या. “पर तुमी वाढवू नका. हात जोडते.”

त्यांचे हात खरंच जोडलेले होते, बांगड्या सगळ्या मनगटाकडून कोपराकडं उतरल्या होत्या. मी ते हात धरून खाली घेतले. माझ्या मनात एवढंच आलं की मेलेल्या माणसाला दिलेला शब्द आता पाळायचा म्हटलं तर जिवंत माणसाच्या तोंडचं काढून घ्यायचं. मी हो म्हणून मान हलवली. दादांना दुसऱ्यांदा फसवलं, आणि यावेळी समजून-उमजून, त्यांच्याच ओसरीत.

निघायच्या आधी त्यांनी चहा केला. मग कनवटीचा फोन काढून नंबर लावला आणि आमच्या दोघींच्या मध्ये धरला. उद्या कोरडं राहील, वारं सुटेल, तूर झाकून ठेवा, असं दादांनी नेहमीच्या ठसक्यात सांगितलं. कुठलं वाक्य वाकळांच्या खोलीतलं आणि कुठलं कॉम्प्युटरनं जुळवलेलं, हे ओळखणं माझं काम. मला तेव्हा ओळखता आलं नाही.

“येतो मी. जपून ऱ्हावा.”

वहिनींनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि फोनला म्हणाल्या, “या.”