ऊब न दाखवायचा लगदा

रोटोरुआच्या वनसंशोधन केंद्रात मेरेआना तापाउ बावीस वर्षं एकच काम करत आली होती. पाइनच्या लाकडाचा लगदा इतका बारीक दळायचा की धागे डोळ्यांना दिसेनासे होऊन त्याचं दह्यासारखं काहीतरी बने. मग ते गोठवून सुकवायचं. ऊब लागली की हे धागे कडक वाळलेल्या टॉवेलसारखे एकमेकांना धरून बसतात, पुन्हा सुटत नाहीत. "याला ऊब दाखवायची नाही, बर्फात निजवायचं," हे ती प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावी.

त्या शुक्रवारी ती बहिणीच्या तांगीहून, अंत्यविधीहून, थेट कामावर आली. तीन दिवस ती मराएवर, कुळाच्या सभाघरात, मृत बहिणीच्या उशाशी बसली होती, रीतीप्रमाणे आल्यागेल्याच्या नाकाला नाक लावून रडली होती. गोठवणारं यंत्र आणि भट्टी शेजारीशेजारी, दोन्हींचे दरवाजे करडे. तिने ट्रे आत सरकवला आणि घरी जाऊन झोपली.

सोमवारी ट्रेमध्ये नेहमीच्या कापसासारख्या पुंजक्यांऐवजी कडक पापुद्रे निघाले. बोटांना लगेच कळलं. पण नवा घाणा म्हणजे आणखी चार दिवस उभं राहणं. तिने पापुद्रे दळून टाकले. दळल्यावर पांढरं ते सगळं सारखंच दिसतं.

कहुरंगी, प्रकल्पाची तरुण शास्त्रज्ञ, हिने ती पूड मक्यापासूनच्या प्लास्टिकमध्ये मिसळून तार ओढली. थ्रीडी प्रिंटरने तिच्यातून किवीच्या वेली बांधायच्या क्लिपा घडवल्या. वापरून झाल्या की मातीत कुजाव्यात अशा. गुरुवारी ताणून पाहिल्या, तर बाराच्या बारा कटाकट तुटल्या. नुसतं प्लास्टिकही त्यांच्यापेक्षा जास्त टिकलं.

"मावशी, ही क्लिप आहे की बिस्कीट?"

"चहात बुडवून बघ."

"हसू नका हो. तीन वाजता साहेबांना अहवाल द्यायचाय. धाग्याने ताकद वाढत नाही, घटते, असं लिहिलंय. चार वर्षं गेली पाण्यात. आता बंदच करतील."

"मागच्या घाण्यात वाढली होती ना?"

"एकदाच. योगायोग म्हणतील."

मेरेआना स्टुलावर टेकली. तिचे पाय ठणकत होते. गप्प राहिलं तर सगळंच थांबेल, आपल्यालाही घरी बसता येईल, असं तिच्या मनात येऊन गेलं. त्याचा मोह किती मोठा आहे, हेही तिला दिसलं.

"कहु, तो घाणा भट्टीत गेला होता. माझ्या हातून."

कहुरंगीचं टंकणं थांबलं. "तुमच्या हातून? मला तर झाकण उघडं राहिलं तरी ओरडता!"

"हो. सोमवारी कळलं होतं. तरी दळला."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"थकले होते गं."

"आणि आज?"

"आज जास्त थकलेय. म्हणूनच गप्प बसायची भीती वाटली."

कहुरंगीने अहवालातलं ताकद घटल्याचं वाक्य खोडलं. "साहेबांना काय सांगू? गोठवणारं यंत्र बिघडलं म्हणू?"

"यंत्र चांगलं आहे. माझं नाव घे."

मेरेआनाने नोंदवहीत सोमवारच्या पानावर खरं काय झालं ते लिहिलं, खाली सही केली. बादलीत ओला लगदा उरला होता, तो नव्या ट्रेमध्ये ओतला. करड्या दरवाजावरची पाटी तिने वाचली, तरी विश्वास ठेवला नाही. दरवाजा उघडून हात आत घातला. गार लागल्यावरच ट्रे सरकवला.