हिरव्या काठाचे उपरणे

भिलाईत निवृत्त झाल्यावर मी भूतानमधल्या एका डोंगरी शाळेत दोन वर्षे गणित शिकवले. तेथील चार सहकाऱ्यांनी मला सांभाळले. थंडीत न सांगता दारात लाकडे रचली, आजारपणात माझे तास घेतले. आभार मानणे मला जमत नाही. म्हणून शेवटच्या सुट्टीहून परतताना घरून कोसा रेशमाची चार उपरणी नेली. प्रत्येकाचे काठ वेगळे.

निघण्याच्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत ती पुढे ठेवली आणि म्हणालो, "आपल्यासाठी." चौघांनीही तोंडावर हात धरला. "नको, सर, नको."

मी उपरणी परत पिशवीत घातली. एक गोष्ट दुसऱ्यांदा विचारण्याची माझी पद्धत नाही, वर्गातही नव्हती. त्यानंतर तेच चौघे माझे सामान उचलून मैलभर, गाडीपर्यंत आले. वाटेत चहा पाजला, गळ्यात निरोपाचे पांढरे वस्त्र घातले. ज्यांना माझे काही नको होते, ते इतके का चालले? मला उलगडा होईना. आभाराचा शब्द राहूनच गेला.

भिलाईत, कोहक्यातल्या घरी उपरणी महिनाभर कपाटात पडून होती. रंग चुकला, वेळ चुकली, की मीच? उत्तर कोणत्याच बाजूने जुळत नव्हते.

एका दुपारी जेवताना सून पोळी घेऊन आली. मी नको म्हणालो. तिने वाढली.

"नको म्हटले ना?"

"बाबा, तुमी रोजच म्हनता. अन् रोज खाता."

"मग वाढतेस कशाला?"

"आई सांगून गेल्या होत्या, यांच्या पहिल्या नाईले नाई समजू नको म्हनून."

मुलगा ताटात पाहून हसला. "मले वाटे, तुमाले मालूम असन."

मला मालूम नव्हते. माझा शब्द एकदाच असतो, अशी माझी समजूत होती. पत्नीने ती आयुष्यभर मोडली नाही. केवळ दुसऱ्यांदा वाढत राहिली. पाहुण्यांना आग्रहही तीच करी. मी एकदा विचारून गप्प बसे.

हात धुऊन मी त्या चौघांतल्या सर्वांत ज्येष्ठ सहकाऱ्याला फोन लावला. लाकडे त्यांनीच रचली होती.

"ती उपरणी पाठवू का?"

"नको, सर. कशाला त्रास?"

हा माझ्या पोळीसारखा रिवाजाचा नकार, की खरा? फोनवर तोंडावरचा हात दिसत नाही. मी आयुष्यात प्रथमच तोच प्रश्न पुन्हा विचारला.

"पाठवू का?"

"नको, नको."

मी गोंधळून सुनेकडे पाहिले. तिने दारातूनच तीन बोटे दाखवली.

"तुमच्या लाकडांवर मी दोन हिवाळे काढले," मी म्हणालो. "पाठवतो आहे."



"मला हिरव्या काठाचे, सर," ते म्हणाले. "त्या दिवशीच पाहून ठेवले होते."