पाठरेटा

आम्ही वाकोल्याच्या चाळीतले गाववाले कुठे भेटलो की चहा निवेपर्यंत पाठरेट्याचाच विषय. खेळ सुटून कैक वर्षं झाली, किस्से मात्र वाढतच चाललेत.

पाठरेटा हा आमच्या कोकणातल्या गावचा खेळ. दोघांनी मातीत पाठीला पाठ लावून बसायचं, टाचा रोवायच्या आणि नुसत्या पाठीने दुसऱ्याला रेघेपार रेटायचं. चाळीत एवढी जागा कुठली? म्हणून ऐंशीच्या दशकात आम्ही रविवारी बस पकडून आरे कॉलनीत जायचो, तबेल्यांमागच्या मोकळ्या जागेत.

भिकाजीकाका आमच्यात वडील. गिरणी सुटल्यावर एका सोसायटीत वॉचमन लागले होते. पहिल्याच रविवारी त्यांनी गावच्या देवळासमोरची माती बिस्किटांच्या डब्यातून आणली नि तिथे पसरली. मी म्हटलं, काका, इथे काय माती कमी आहे? म्हणाले, "माती बदलली की पाठ वळखणा नाय रे."

जिंकणाऱ्याने हरलेल्याला पाठीवर घेऊन घरी पोचवायचं, हा नियम. गावात ते दहा पावलांचं काम. इथे मी हरलेल्या बाबलला पाठुंगळी घेऊन बसमध्ये चढलो. कंडक्टरला वाटलं पेशंट आहे. त्याने सीट रिकामी करून दिली आणि हॉस्पिटलच्या स्टॉपला बस थांबवून धरली. एवढ्या प्रेमाने थांबवली, मग उतरावंच लागलं यार.

हा बाबल आणि त्याचा थोरला भाऊ दत्तू. गावच्या घरावरून दोघांचं वर्षभर बोलणं बंद. एकदा नेमकी त्यांचीच जोडी लागली. खेळ संपल्यावर जिंकणाऱ्याने 'लागलं नाही ना' असं विचारायचंच असतं. दत्तू जिंकला आणि अंगावरची माती झटकत राहिला. शेवटी विचारलं, "लागला नाय मा?"

बाबल म्हणाला, "लागला. वरीस झाला."

भिकाजीकाकांचा जोडीदार सदू गावीच राहिलेला. दर मे महिन्यात काका गावी गेले की दोघं खेळायचे. काका एकदाही जिंकले नव्हते. एका फेब्रुवारीत पोस्टकार्ड आलं, सदू गेला.

त्या रविवारी काका आमच्याबरोबर आरेत आले. आंब्याच्या बुंध्याला पाठ लावून बसले, टाचा रोवल्या आणि रेटायला लागले. बाबल त्यांना उठवायला निघाला, तर दत्तूने त्याचा हात धरून ठेवला. काकांचं बनियन पाठीवर फाटलं, तरी ते थांबेनात.

खूप वेळाने उठले. धाप लागली होती.

"सदू अजून तसोच आसा," म्हणाले. "हललो नाय."