कप्तानाचं नीरम

पाय फाकवून उभं राहायचं, ट्रॉलीच्या फाळक्यावर तळहात थापटायचा आणि विचारायचं, "नीरम भरलं का?" शिरूर कासारकडच्या आमच्या गावात ओढ्याला पाणी आलं तरी लोक बघायला जातात. तिथे हा माणूस दर्याची भाषा बोलायचा.

तो माझ्याच वर्गातला. मी मास्तर झालो. तो मुंबईला पळाला आणि जहाजावर लागला. म्हातारपणी परत आला, तेव्हा लोक त्याला कप्तान म्हणू लागले.

"कप्तान न्हाई रं, खलाशी," तो हसून सांगायचा. मग लोक आणखी जोरात कप्तान म्हणायचे. मी जन्मभर पोरं शिकवली, पण मला चुकून कुणी हेडमास्तर म्हटलं नाही.

नीरम हा शब्द तुम्ही ऐकला नसेल. मीही ऐकला नव्हता, आणि तेच मला झोंबलं. रिकामं जहाज हलकं होतं, वाऱ्यालाटेत कलंडू शकतं. म्हणून पूर्वी त्याच्या तळाला दगड, वाळू असं वजन भरत. ते नीरम. आता पाणी भरतात, पण ज्या कोकणी म्हाताऱ्याच्या हाताखाली तो शिकला, तो पाण्यालाही नीरमच म्हणायचा.

दसरा झाला की गावातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॉलीत सगळा संसार चढतो: ज्वारीची पोती, राहायच्या कोपीचे बांबू, ताडपत्री, गोधड्या, कोंबड्या, वर माणसं. कप्तान तिथे उभा राही. "आधी नीरम! पोती तळाला. हलकं वर." बायासुद्धा एकमेकींना म्हणू लागल्या, "अगं, नीरम राह्यलं की तुझं!"

निघताना नारळ फोडायचा मान माझा. तो मान कुणी काढून घेतला नाही. पण नारळ फुटला तरी ट्रॅक्टर हलायचा नाही. कप्तान फाळका थापटून "सोडा" म्हणायचा, तेव्हा हलायचा. माझ्या हातातली खोबऱ्याची वाटी घ्यायलाही कुणाचं लक्ष नसायचं.

एका वर्षी तो डोळे दाखवायला बीडला गेला होता. जाताना निरोप ठेवला होता, "मी येईस्तोवर भरू नका."

मी टोळीच्या मुकादमाला म्हणालो, "त्याच्यासाठी कशाला खोळंबता? इथं काय दर्या हाय? पोती वर ठेवा, उतरवायला सोपं."

"कप्तान बोलतील, गुर्जी."

"मी सांगतोय ना?"

बांबू आणि गोधड्या खाली गेल्या, पोती वर. मी नारळ फोडला आणि "सोडा" म्हणालो. काय सांगू, फार गोड वाटलं.

ओढ्याच्या वळणावर ट्रॉली कलंडली. जीव कुणाचा गेला नाही. मुकादमाच्या बायकोचा हात मोडला, तो पुढे कधी सरळ झाला नाही. टोळी दुसऱ्या ट्रॉलीने गेली आणि मागे गावात, ट्रॉली कप्तानाच्याच रीतीने भरली होती असं धरून, बोलवा उठली, "कप्तानाच्या नीरमानं घात केला." मी पारावर बसून ते ऐकलं. मान हलवली. नाही म्हणालो नाही.

अपघाताच्याच दुपारी बीडहून परतताना तो ओढ्यात उतरला होता; मी काठावर उभा होतो. उलटी ट्रॉली, सांडलेली ज्वारी, सगळं त्याने पाहिलं. मला वाटलं, आता विचारील. तो एवढंच म्हणाला, "मास्तर, घरी जा. गार वारं सुटलंय."

पुढच्या दसऱ्याला तो ट्रॉलीजवळ आला नाही. कुणी बोलावलंही नाही. ट्रॅक्टर माझ्या शब्दावर सुटू लागले. अशी काही वर्षं गेली आणि या उन्हाळ्यात तो गेला. तिरडीमागे मोजकीच माणसं होती.

म्हणून या दसऱ्याला सगळ्यांदेखत मी खरं सांगितलं. पोती वर ठेवायला मी लावली होती, त्याने नव्हे. कप्तानाचा काही दोष नव्हता.

मुकादमाची बायको एका हाताने गोधडी घडी करत होती. ती थांबलीसुद्धा नाही.

"ठावं हाय की, गुर्जी. आमीच तर भरलतं. कप्तान त्याच सांजेला दवाखान्यात आलते. म्हणले, मास्तरचं नाव काढू नका, त्याला याच गावात ऱ्हायचंय."

टोळीतली सगळी माणसं माना खाली घालून उभी होती. इतकी वर्षं त्यांनी त्याचा शब्द पाळला होता. माझा शब्द कुणी असा पाळला असता का, हाच विचार माझ्या मनात आधी आला. त्याच्यासाठी रडू आलं ते नंतर.