पाणी मारलेला केक

आमच्या घराण्यात एक थोर वास्तुशिल्पी होऊन गेला. त्याच्या सर्वोत्तम वास्तूंपैकी एकही आज उभी नाही, कारण त्या आम्ही खाल्ल्या.

गवंडीमामा हा माझ्या आईचा धाकटा भाऊ. कापड्यात आणि आजूबाजूच्या गावांत त्याने चाळीसेक वर्षं घरं बांधली. गुडघ्यांनी परांचीवर चढायला नकार दिला, त्याच सुमारास नातीच्या वाढदिवसाला पोलादपूरहून केक आला. मामाने त्याच्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "गिलावा नीट ओढलेला नाय." पुढच्या वर्षापासून घरातले केक त्याच्याकडे लागले.

कामाची पद्धत त्याने बदलली नाही. आधी सिमेंटच्या गोणीच्या कागदावर नकाशा निघे, मापं इंचांत. मोठ्या पातेल्यात वाळू तापवून तिच्यावर बिस्किटांचा चौकोनी डबा ठेवायचा, ही त्याची भट्टी. वाळू तो चाळून घेई. त्याच चाळणीने मैदाही चाळायला निघाला होता, तेव्हा मामीने चाळण हातातून काढून घेतली. थरांमध्ये जाम असे, त्याला तो 'माल' म्हणे. वरून लोणी-पिठीसाखरेचा गिलावा, आणि त्यासाठी राखून ठेवलेली एक लहान थापी. शेवटी ओळंबा लावून चारही बाजू तपासायच्या. "बाय, खानारा बघत नाय," तो मला म्हणे, "पन भिंतीला कळतं."

गावाने त्याच्या कामाला नावं ठेवली नाहीत. ठेवली ती फक्त आईने. तिने त्याला कडेवर वाढवलं होतं आणि तो हक्क ती सोडायला तयार नव्हती. त्याने तिला चूल घालून दिली, तर "धूर माझ्याच तोंडावर येतो." पायरी बांधली, तर "उंच झाली." तिच्या दर वाढदिवसाला तो केक घेऊन महाडला आमच्या घरी यायचा, समोर बसून तिचा घास गिळला जायची वाट बघायचा, आणि आई म्हणायची, "कोरडा हाय रे." परत जाताना तो मला रिक्षापाशी विचारी, "दुसरं काय बोलली?" दुसरं काही बोललेली नसे. आक्काने एकदा बरं म्हणावं, यापलीकडे त्याला काही नको होतं.

आईच्या पंचाहत्तरीला माझा भाऊ मुंबईहून आला. दादाच्या मते हॉल घेतल्याशिवाय माणूस म्हातारा होत नाही. त्याने हॉल घेतला, शाल-श्रीफळ आणलं आणि रस्त्यावर फलक लावला. त्यावर आईच्या फोटोखाली अठरा शुभेच्छुकांचे फोटो होते. त्यांतल्या दोघांनी हॉलमध्ये येऊन मला विचारलं, की यांतल्या आजी कोणत्या. तीन मजली केकची ऑर्डरही दादाने देऊन टाकली होती.

मामाने फोनवर एवढंच विचारलं, "मंग मी आनू का नको?"

"आण," मी म्हटलं.

त्याने या वेळी कोरडेपणाचा बंदोबस्त करायचं ठरवलं, आणि तो गवंड्याला सुचेल तसाच केला. स्लॅब टाकला की पाणी मारावं लागतं. मग केकला का नाही? केक भाजून, थर रचून, पुठ्ठ्याची चौकट बसवून त्याने त्यावर वेलची घातलेलं साखरेचं पाणी मारायला घेतलं, सकाळ-संध्याकाळ, वर ओलं फडकं. त्याला सात दिवस हवे होते. "बुरशी खायला घालायची हाय काय आक्काला?" असं म्हणून मामीने ते दोनावर आणले.

हॉलच्या मागच्या खोलीत त्याने पुठ्ठा सोडवला. सेंट्रिंग काढल्याबरोबर केक खाली बसला, एक बाजू फुगली आणि गिलाव्याला तडे गेले. मामाने ओळंबा धरला, पाहिला आणि खिशात ठेवून दिला. "झाकून ठेव, बाय," तो म्हणाला. "तो तीन मजली कापा."

तीन मजली केकवर आईचा फोटो छापलेला होता. दादाने तिच्या हातात सुरी दिली. आईने फोटोकडे पाहिलं आणि सुरी खाली ठेवली.

"माझ्याच तोंडावर मी सुरी फिरवू?"

"आई, तशी पद्धत आहे आता," दादा म्हणाला.

"असंल. माझ्या भावानं काय आनलंय ते दाव."

मी तो खचलेला केक आणला. कापायचा प्रश्न नव्हता. मी चमचा दिला. महिन्यापूर्वी आईचे उरलेले दात काढले होते, कवळी अजून यायची होती आणि तेव्हापासून ती पेजेवर होती. एक चमचा तिने तोंडात घेतला, मग दुसरा. अठरा शुभेच्छुक तिष्ठत उभे होते. मामा खांबामागे होता. आईने बशी पुसून पुढे केली आणि तो दिसेपर्यंत मान वाकडी केली.

"एवढी वर्षं हे पानी कुठं ठेवलं होतंस रे?"

मामाने वळून हॉलच्या भिंतीवर हात फिरवला, बराच वेळ फिरवला. मग मला म्हणाला, "ह्या हॉलचं प्लास्टर अगदीच वाईट हाय गो."

त्या दिवशी रिक्षात बसताना त्याने मला काही विचारलं नाही.

पुढच्या श्रावणात मामा गेला. मामीने ती लहान थापी सिमेंटच्या गोणीच्या कागदात गुंडाळून मला दिली. दादाचं म्हणणं पडलं, की ती काचेच्या पेटीत ठेवून खाली मामाचं नाव आणि दोन ओळी लिहाव्यात. ओळी तो सुचवणार होता. मी हो म्हटलं.

मी त्या थापीने घावन उलटते. आई म्हणते, कोरडे होतात.