लोखंडी पट्टीचं गणित

"टोपल्या विणणाऱ्यांची कातडी जाड असते. तुम्हाला कसलं भाजतंय?"

साहेब असं म्हणाले आणि केबिनमधले सगळे हसले. शेवंती मावशी हातावरचा फोड पदराने झाकायला लागली. मी तिच्या शेजारीच उभी. तिच्याच वाड्यावरची, तिच्याच जातीची. मी गप्प राहिले. त्याची लाज मला अजून वाटते.

तुये गावच्या औद्योगिक वसाहतीतला तो कारखाना. रंगवलेले पत्रे तिथे भट्टीत भाजून पक्के करायचे. माझ्याकडे पॉलिटेक्निकचा डिप्लोमा होता, हातात मात्र झाडू दिलेला. भट्टीच्या भिंतीला आतून पत्रा, बाहेरून पत्रा, मध्ये उष्णता अडवायला दोन इंच ग्लासवूल, म्हणजे काचेची लोकर. साहेबांच्या हिशेबाने बाहेरचा पत्रा पंचेचाळीस अंशांपेक्षा जास्त तापणारच नव्हता. म्हणजे मावशीनेच हात आत घातला. तसा कागद तयार झाला. साक्षीदार म्हणून सही माझी हवी होती. सही केली की मावशीची नोकरी गेली.

"मी हात भितर घालूंक नाय गो बाय," मावशी रडत म्हणाली. "भायरल्या पत्र्याचोच चटको बसलो."

जेवणाच्या सुट्टीत मी भट्टी नीट बघितली. दोन पत्रे धरून ठेवायला वेल्डरने मध्ये लोखंडी पट्ट्या घातल्या होत्या. आतून थेट बाहेरपर्यंत. साहेबांच्या नकाशात त्या नव्हत्याच, आणि वेल्डरला विचारणार कोण? मी गणित मांडलं. पदार्थ कुठला, क्षेत्रफळ किती, दोन्ही बाजूंच्या तापमानात फरक किती, जाडी किती. लोखंडातून उष्णता ग्लासवूलच्या हजारपटीहून जास्त जाते. तीनदा केलं. पट्टीवरचा पत्रा उकळत्या पाण्याएवढा तापत होता. मावशीला भाजलं ते बरोबर तिथेच.

भट्टीपाशी उभ्या साहेबांना मी कागद दिला. न वाचताच त्यांनी चुरगळला.

"तू झाडू मार. आकडे आमच्यावर सोड."

माझं डोकंच फिरलं.

"वाचू नका, साहेब. या पट्टीवर हात ठेवा. माझ्यासमोर."

भोवती सगळे कामगार. कुणी हसलं नाही. साहेबांचा हात खिशातून बाहेर आला नाही.

"सही कर, नाहीतर तूही चालती हो."

सहीच्या जागी मी सगळं गणित लिहिलं. खाली माझं पूर्ण नाव, बापाचं नाव, वाड्याचं नाव.

दोघींनाही काढलं. दुसऱ्या दिवशी दोघी तक्रार घेऊन कामगार खात्याच्या दारात उभ्या राहिलो. आज मी भट्ट्यांचे नकाशे आणि भिंती तपासायचंच काम करते. ज्या भिंतीला माझ्या माणसांचे हात लागणार, तिचं गणित मीच तपासणार. साहेब कुणीही असो.